एक नाव, अनेक अळ्या

आपल्याकडे एखाद्या माणसाला घरात एक नाव असते, शाळेच्या दाखल्यावर दुसरे आणि सासरवाडीला तिसरेच. एका किडीची गत अगदी अशीच आहे. हरभऱ्यावर आली की आपण तिला घाटेअळी म्हणतो. तुरीवर दिसली की ती शेंगा पोखरणारी अळी होते, पऱ्हाटीवर गेली की हिरवी बोंडअळी किंवा अमेरिकन बोंडअळी, आणि टमाट्यात शिरली की फळ पोखरणारी अळी. नावे पाच, अळी मात्र एकच. याच्या उलट गोष्ट ‘लष्करी अळी’ या नावाची. ज्वारीवर झुंडीने येणारी ती लष्करी, सोयाबीनची पाने चाळणीसारखी करणारी तीही लष्करी, मक्याच्या पोंग्यात बसणारी तीही लष्करी आणि पूर्वेकडच्या धानपट्ट्यात रोपे फस्त करणारी तीसुद्धा लष्करीच. इथे नाव एक आणि अळ्या चार.

पहिल्या घोटाळ्यात नुकसान होते ते असे की, पऱ्हाटीतली अळी गेली म्हणून माणूस निश्चिंत होतो आणि तोच पतंग शेजारच्या तुरीवर आणि पुढे हरभऱ्यावर अंडी घालत फिरतो हे त्याच्या ध्यानात येत नाही. दुसऱ्या घोटाळ्यात मात्र सरळ खिसा कापला जातो. एका लष्करी अळीचे औषध दुसऱ्या लष्करी अळीवर मारले जाते. अळी मरत नाही, पैसा जातो आणि त्याहून मोलाचे चार-सहा दिवस जातात.

मी बुलढाणा जिल्ह्यात शेतीचा विस्तार अधिकारी म्हणून घाटावर आणि घाटाखाली मिळून जवळजवळ तीस वर्षे फिरतो आहे. अकोल्याच्या कृषी विद्यापीठात बी.एस्सी. करताना कीटकशास्त्राच्या तासाला आम्हांला काचेच्या पेटीत टाचण्या टोचलेले पतंग दाखवत. सगळे मातकट, सगळे एकाच आईची लेकरे असावीत असे. तेव्हा आम्हां पोरांना वाटे, यांच्यात फरक शोधून करायचे काय? खाणारी अळी ती अळी, मारली की झाले. नोकरीत आल्यावर कळले की पेटीतल्या त्या मातकट पाखरांच्या पंखांवर शेतकऱ्याच्या फवारणीचा सगळा हिशेब लिहिलेला असतो.

आधी ‘अमेरिकन’ या शब्दाचा निकाल लावतो, कारण त्यावरून गावोगाव वाद ऐकले आहेत. आपली जी अमेरिकन बोंडअळी, म्हणजेच घाटेअळी, ती मुळात अमेरिकेची नाहीच. तिचे शास्त्रीय नाव हेलिकोव्हर्पा आर्मिजेरा. ती आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलिया या बाजूची जुनी रहिवासी. अमेरिकेत तिची एक सख्खी चुलत बहीण आहे, हेलिकोव्हर्पा झिया नावाची. दोघी दिसायला इतक्या सारख्या की कित्येक वर्षे शास्त्रज्ञही त्यांना एकच समजत. १९६५ मध्ये हार्डविक नावाच्या शास्त्रज्ञाने या कुळाची नीट फोड करून दोघींना वेगवेगळे मांडले, पण आपल्या बोलण्यातले ‘अमेरिकन’ काही गेले नाही. गंमत म्हणजे आपली ही अळी अमेरिका खंडात, ब्राझीलमध्ये, सापडल्याचे पहिल्यांदा कळले ते २०१३ मध्ये. म्हणजे आपण तिला अमेरिकन म्हणत होतो तेव्हा ती तिथे कोणाला माहीतही नव्हती! मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी मात्र खरोखरच अमेरिकेची. त्याच ‘अमेरिकन’ शब्दामुळे काही शेतकरी या दोघींनाही एकच समजतात.

आता मुख्य विषयाकडे वळतो.

सोयाबीन करणाऱ्या घाटावरच्या मंडळींना २००८ चा खरीप आठवत असेल. त्या वर्षी विदर्भात सोयाबीनवर पाने खाणारी अळी अशी उठली की चिखली-मेहकरकडच्या रस्त्याने जाताना वावरे लांबून पांढुरकी दिसायची. पानांचा हिरवा गर खाऊन नुसत्या जाळ्या राहिल्या होत्या. त्या हाहाकारानंतरच राज्यात पिकांवरच्या किडींची आठवड्याच्या आठवड्याला पाहणी करून सल्ला देण्याची योजना सुरू झाली, ती क्रॉपसॅप या नावाने ओळखली जाते. त्या वर्षीची अळी होती स्पोडोप्टेरा लिट्युरा. पुस्तकात तिला ‘तंबाखूवरील पाने खाणारी अळी’ म्हणतात. आपल्याकडे तंबाखू कोण करतो? म्हणून हे लांबलचक नाव कोणाच्या तोंडी बसलेच नाही आणि लोकांनी तिला सरळ लष्करी अळी करून टाकले.

त्यानंतर दहा वर्षांनी दुसरी आली. मे २०१८ मध्ये कर्नाटकात शिवमोगा भागात मक्यावर एक अनोळखी अळी तिथल्या कृषी महाविद्यालयाच्या कीटकशास्त्रज्ञांना सापडली. तपासणीत ती स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा निघाली. ही अमेरिकेच्या उष्ण भागातली. २०१६ मध्ये ती आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्याला दिसली आणि दोन वर्षांत आपल्याकडे पोचली. त्याच साली ती महाराष्ट्रातही आली, २०१९ मध्ये चीनमध्ये आणि २०२० मध्ये ऑस्ट्रेलियात गेली. तिचा पतंग वाऱ्याची साथ मिळाली तर एका रात्रीत शंभर किलोमीटरपर्यंत उडतो असे सांगतात, तेव्हा जिल्ह्याची सीमा तिला काय अडवणार? अमेरिकेच्या उत्तर भागात हिवाळ्यात बर्फ पडते, तिथे ती तगत नाही. दरवर्षी दक्षिणेकडून नव्याने वर जावे लागते. आपल्याकडे ना बर्फ, ना गोठण. खरिपाचा मका, मग रब्बीचा, पाणी असेल तिथे उन्हाळी. तिला बारा महिने पंगत वाढलेलीच आहे.

२०१९ च्या खरिपात मोताळ्याकडच्या एका गावातून निरोप आला. म्हातारा-म्हातारी, मुलगा कामाला बाहेरगावी, घरी सून आणि दोन एकर मका. मी गेलो तेव्हा भाऊ धुऱ्यावर बसलेले होते. नमस्कार-चमत्कार काही नाही.

“साहेब, दोन खेपा फवारलं. अळी जशीच्या तशी हाये. आता काय वावरात नांगर घालू काय?”

काय फवारले ते विचारल्यावर सुनेने घरातून बाटली आणली. ती होती विषाणूची, एसएल-एनपीव्ही. जैविक औषध, चांगले औषध. दुकानदाराने सांगितले होते की लष्करी अळीचे आहे, अळ्या उलट्या लटकून मरतील. सासू-सून आठ दिवस उलट्या लटकलेल्या अळ्या शोधत होत्या. बाटलीवर छापले होते ‘स्पोडोप्टेरा’, आणि त्या दिवसांत रेडिओवर, मोबाइलवर, मेळाव्यात सगळीकडे मक्यावरच्या नव्या अळीचे नाव ऐकू येत होते तेही ‘स्पोडोप्टेरा’. दुकानदाराने शब्द जुळवला आणि बाटली दिली. त्याच्या मनात खोट होती असे मी म्हणणार नाही, पण माल विकणाऱ्याने पुढचा शब्दही वाचायला हवा होता.

मी सुनेला समजावले ते तुम्हांलाही सांगतो. किडीच्या शास्त्रीय नावात दोन शब्द असतात. पहिला शब्द म्हणजे आडनाव, दुसरा म्हणजे नाव. नुसते ‘पाटील’ म्हणून पत्र टाकले तर ते गावातल्या कोणत्या पाटलाच्या घरी जाईल? स्पोडोप्टेरा हे आडनाव. लिट्युरा ही सोयाबीनवरची, फ्रुजिपर्डा ही मक्यावरची. एक्झिगुआ नावाची तिसरी एक लहानखुरी, हिरवट अळी आहे, ती हरभरा आणि कांद्यावर येते. चौथी मॉरिशिया, धानावरची. विषाणूचे औषध हे असे असते की ते एका जातीलाच बरोबर लागते. लिट्युराचा विषाणू फ्रुजिपर्डाला फारसा बाधत नाही, घाटेअळीचा एचए-एनपीव्ही या दोघींनाही उपयोगाचा नाही. रासायनिक विषासारखे सगळ्यांना झोडपणे हा त्याचा स्वभावच नाही आणि म्हणूनच मधमाशी, ढालकिडा यांना तो सुरक्षित असतो. पण त्यासाठी समोरची अळी कोणती हे आधी ठरले पाहिजे.

सून दहावीपर्यंत शिकलेली होती. मी माझे भिंग तिच्या हातात दिले. पोंगा उकलून तिने एक मोठी अळी तळहातावर घेतली आणि पहिले वाक्य बोलली ते हे, “हिच्या बुडाशी चार टिकल्या हायेत.” पुस्तकातली पहिली खूण डोक्यावरची सांगतात. हिने शेपटीकडून सुरुवात केली, आणि माझ्या मते तेच योग्य.

कारण असे की, डोक्यावरचा इंग्रजी ‘वाय’ उलटा काढल्यासारखा पांढुरका पट्टा ही खूण फार गाजली आहे. ती खरी आहे, पण एकटी पुरेशी नाही. घाटेअळीच्या आणि इतरही काही अळ्यांच्या कपाळावर तशीच फिकट रेघ दिसते, कारण त्या ठिकाणी डोक्याच्या कवचाचा सांधाच असतो. मक्यावरच्या अळीत ती ठळक असते एवढेच. पक्की खूण शेवटाकडची. पोटाच्या शेवटून दुसऱ्या-तिसऱ्या वळीवर, पुस्तकी भाषेत आठव्या खंडावर, चार काळे ठिपके चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर ठेवल्यासारखे असतात. त्याच्या अलीकडच्या वळ्यांवरही चार-चार ठिपके असतात, पण तिथे पुढचे दोन जवळ आणि मागचे दोन लांब, खालची बाजू रुंद असलेल्या सुपासारखे. चौकोन फक्त एकाच ठिकाणी. अळी अगदी लहान असताना हे दिसत नाही, अर्धी वाढली की स्पष्ट होते.

सोयाबीनवरची लिट्युरा हातात घेतली तर चौकोन सापडत नाही. तिच्या पाठीवर दोन्ही बाजूंनी काळ्या त्रिकोणांच्या रांगा असतात, बाजूने पिवळसर रेघा, आणि मानेच्या थोडे मागे काळा डाग असा की गळ्याला काळे फडके बांधल्यासारखे वाटावे. अंगाने ती मऊ, मखमली.

ज्वारीवरची जुनी लष्करी अळी तर वेगळ्याच घरची. तिचे नाव मिथिम्ना सेपराटा, आडनावसुद्धा स्पोडोप्टेरा नव्हे. तिच्या अंगावर डोक्यापासून शेपटीपर्यंत लांब पट्टे असतात आणि डोक्यावर तपकिरी जाळी विणल्यासारखी असते. दिवसा पोंग्यात किंवा ढेकळाखाली बसते, रात्री निघून पानांच्या कडा खात मधली शीर तेवढी ठेवते. खरे तर लष्करी हे नाव तिचेच. एका वावरातले संपले की सैन्यासारखी पुढच्या वावरात चाल करून जाणारी ती. नावाचा हक्क वारसाने पाहायचा झाला तर सातबारा तिच्या नावे आहे, बाकीच्या मागाहून चढलेल्या.

मक्यात आणखी एक गफलत होते ती खोडकिड्याची. पानावर ओळीने भोके दिसली की जुना शेतकरी म्हणतो, हा खोडकिडा. दोघेही पोंग्यात बसून गुंडाळलेल्या पानाला कुरतडतात, म्हणून पान उलगडल्यावर भोके ओळीत येतात. फरक असा की, खोडकिड्याची भोके बारीक आणि पुढे तो खोडात शिरून पोंगा वाळवतो. पोंगा ओढला की हातात येतो. नव्या अळीची भोके मोठी, फाटकी, आणि पोंग्यात लाकडाच्या ओल्या भुशासारखी विष्ठा भरलेली असते. अगदी सुरुवातीला मात्र पानाचा वरचा पापुद्रा खाल्ल्याने बारीक पांढरे चट्टे पडतात, खिडकीच्या काचेसारखे आरपार. मका वितीएवढा असताना हे चट्टे ओळखणारा शेतकरी अर्धी लढाई जिंकला.

मोताळ्याच्या त्या भाऊंचा मका तोवर पुढे गेला होता. पाऊण एकर तर तुऱ्यावर आलेला. तिथे फवारून काही साधणार नव्हते, तो त्यांनी जनावरांना कापून घातला. उरलेला सव्वा एकर उशिरा पेरलेला, मांडीएवढा. त्यावर विद्यापीठाच्या शिफारशीतले औषध, पंपाचे नोझल पोंग्याकडे वाकवून, सूर्य कलल्यावर मारायला लावले. पहिल्या दोन फवारण्या त्यांनी सकाळी दहा-अकराला, पानांवरून झाडू मारल्यासारख्या केल्या होत्या. पोंग्याच्या तळाशी, स्वतःच्या विष्ठेचे झाकण लावून बसलेल्या अळीला त्याचा थेंब मिळाला नसावा. फवारलेल्या मक्याचा चारा किती दिवस जनावरांना घालायचा नाही तेही बाटलीवरच्या चिठ्ठीवरून सुनेला वाचून दाखवले. मळणीला त्या सव्वा एकरात सोळा क्विंटल मका झाला. एरवी त्यांना पंचवीसपर्यंत होई. भाऊ म्हणाले, “खाली पडण्यापेक्षा बरं.” पण विषाणूच्या बाटल्यांचा खर्च आणि दोन फवारण्यांची मजुरी ते अजून बोलून दाखवतात.

पैशापलीकडचीही एक गोष्ट आहे. २०१७ मध्ये आपल्याच विदर्भात यवतमाळ जिल्ह्यात पऱ्हाटीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले. तेव्हापासून ‘मरत नाही तर अजून एक डाव मारा’ हे वाक्य माझ्या कानाला सहन होत नाही. आधी पाहा, कोण आहे ती. मोजे, तोंडाला फडके हे तर हवेच, पण जी फवारणी करायचीच नव्हती ती टळली तर त्याहून मोठे संरक्षण नाही.

पतंगाचे सांगायचे राहिले. रात्री पेट्रोल पंपाच्या किंवा देवळाच्या दिव्याखाली सकाळी पाहिले तर हे सगळे पडलेले दिसतात. माझी रीत अशी की, आधी मागचे पंख उघडून पाहायचे. मागचा पंख पांढरा आणि चकचकीत असेल तर ते स्पोडोप्टेरा घराणे. मागच्या पंखाच्या कडेला रुंद काळपट पट्टा असेल तर घाटेअळीचा पतंग, त्याच्या पुढच्या पंखावर मूत्रपिंडाच्या आकाराचा एक डागही असतो. पुढचा पंख गवती, फिकट रंगाचा आणि मध्यावर एकच बारीक पांढरा ठिपका असेल तर ज्वारीची लष्करी. मग स्पोडोप्टेरांत पुढचे पंख पाहायचे. लिट्युराच्या तपकिरी पंखावर पांढुरक्या रेघांची आडवीतिडवी जाळी असते. लॅटिन भाषेत लिट्युरा म्हणजे खाडाखोड. फॅब्रिसियस नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने १७७५ मध्ये हे नाव ठेवले. त्याच्या मनात काय होते ते तो जाणे, पण पहिलीतल्या पोराने पाटीवर गिरगिटावे तसा तो पंख दिसतो खरा. फ्रुजिपर्डाच्या नराच्या पंखाच्या टोकाला पांढरा डाग आणि मध्यावर फिकट लांबट ठिपका असतो. मादी मात्र साधी, करडी, खुणा पुसट. तिच्यावरून निर्णय द्यायला मी धजत नाही, अळी दाखवा म्हणतो. या फ्रुजिपर्डाचे वर्णन १७९७ मध्ये स्मिथ नावाच्या इंग्रज पंडिताने केले, तेही अमेरिकेतल्या जॉर्जियात राहणाऱ्या ॲबट नावाच्या माणसाने काढलेल्या चित्रांच्या पुस्तकात. सव्वादोनशे वर्षांपूर्वी कोणी तरी बसून या अळीचे चित्र रंगवले म्हणून शिवमोग्यात सापडलेल्या अळीला नाव देता आले.

पंखांवरून जिथे भागत नाही तिथे शास्त्रज्ञ काय करतात? पतंगाच्या शेपटीकडचे जननेंद्रिय सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. नर-मादीचे ते भाग कुलूप-किल्लीसारखे जातीजातीत वेगळे असतात, हे त्यामागचे साधे तत्त्व. आपल्या लिट्युराचा आफ्रिकेत एक जुळा आहे, लिटोरॅलिस. अळीवरून ओळखू येत नाही, पंखावरूनही नाही. दोघांना एकच जात धरत असत. १९६३ मध्ये व्हिएट नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने आफ्रिकेकडची ती आणि आशियाकडची ही अशी दोन जाती पक्क्या केल्या. आता त्याही पुढची पायरी आली आहे. अळीच्या पेशीतला डीएनए वाचतात, आपण आधारचा अंगठा घेतो तसे. शिवमोग्याच्या अळीची खात्री अशीच झाली. एवढे करूनही हा पतंग पुरता हाती लागलेला नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत आढळले की फ्रुजिपर्डाचेही दोन वंश आहेत, एक मक्याकडे ओढ असलेला, दुसरा धान आणि गवताकडे. दिसायला एकसारखे. त्यांना वेगळ्या जाती म्हणायचे की नाही यावर मोठमोठ्यांची डोकी अजून चालू आहेत. आपण त्यात पडायचे कारण नाही.

पतंग स्वतः मात्र चुकत नाही. आपल्या जातीची मादी त्याला अंधारात वासावरून कळते. कामगंध सापळा याच वासावर चालतो. लिट्युराची गोळी वेगळी, घाटेअळीची वेगळी, फ्रुजिपर्डाची वेगळी. मक्यात सोयाबीनची गोळी टांगून ‘साहेब, पाखरूच येत नाही, कीड नाही’ म्हणणारे मला दर हंगामात एक-दोन तरी भेटतात. बदललेल्या गोळीचे पाकीट फेकू नका, सापळ्याच्याच काठीला बांधून ठेवा, म्हणजे पुढच्या पाळीला तीच आणता येते. आणि सापळ्यात पडले ते सगळे तिचेच असेही धरू नका. आफ्रिकेत फ्रुजिपर्डाच्या गोळीला ज्वारीच्या लष्करी अळीच्या कुळातले, मिथिम्ना लोरेयी नावाचे पतंग मोठ्या संख्येने येतात असे आढळले आहे. म्हणून सापळा ओतून पाहा, पंख उघडून पाहा आणि मग मोजा.

घाबरून उलटेही घडते. दोन वर्षांपूर्वी घाटावरच्या एका गावी मक्याच्या कडेने एरंडी लावलेली होती. एरंडीच्या पानावर अळ्यांचा पुंजका, पान जाळीदार. शेतकऱ्याने मक्यासाठी महागडे औषध आणून ठेवले होते, पंप भरायचा तेवढा बाकी. मी पोचलो तेव्हा मक्याची पाच ठिकाणी वीस-वीस झाडे पाहिली. पोंगे स्वच्छ होते. एरंडीवरची ती लिट्युरा होती, तिला एरंडी फार आवडते. म्हणून तर सोयाबीनच्या कडेने सापळा पीक म्हणून एरंडी लावायला सांगतात. ती पुंजक्याची पाने तोडून साबणाच्या पाण्यात बुडवली, अर्ध्या तासात काम झाले. औषधाचा डबा सीलबंद होता, तो दुकानात परत गेला. घरच्या बाईंनी त्या आनंदात मला जेवल्याशिवाय जाऊ दिले नाही, आणि वांग्याच्या भाजीतही एक अळी निघाली ती गोष्ट वेगळी! ती शेंडा-फळ पोखरणारी, तिचा या घराण्याशी संबंध नाही.

अंड्यांवरूनही ओळख पटते, थोडी. घाटेअळीचा पतंग अंडी सुटी-सुटी घालतो, कोवळ्या शेंड्यावर खसखशीच्या दाण्यासारखी. स्पोडोप्टेराची मादी पुंजका घालते आणि त्यावर स्वतःच्या अंगावरची लव पांघरते. पानावर मळकट कापसाचा बोळा चिकटल्यासारखे दिसते. एका पुंजक्यात शंभर-दोनशे अंडी सहज असतात. निंदायला जाणाऱ्या बायांनी हा बोळा ओळखला तर एका पानाबरोबर शंभर अळ्या जातात, आणि तेवढे नेमके काम कोणतेही औषध करत नाही. मोताळ्याकडच्या त्या गावात बाया आता फ्रुजिपर्डाला ‘चौटिकली’ म्हणतात. सुनेचीच करणी. मला ते नाव सरकारी नावापेक्षा बरे वाटते, कारण त्यात खूणही आहे आणि दुसऱ्या कोणत्या अळीला ते लागू पडत नाही. पुढच्या शिबिराच्या फळ्यावर मी तेच लिहिणार आहे.

शेवटी एक कामाची विनंती. पंचायत समितीत किंवा कृषी विज्ञान केंद्रात अळी दाखवायला आणाल तेव्हा ती चुरगाळून कागदात बांधून आणू नका, खुणा जातात. काडेपेटीत किंवा औषधाच्या रिकाम्या बाटलीत तर मुळीच नको. स्वच्छ डबीला दोन भोके पाडा, आत ज्या पिकावर सापडली त्याचे कोवळे पान ठेवा, आणि डबीवर गाव, पीक, तारीख लिहा. मक्यावरच्या अळ्या असतील तर एका डबीत एकच ठेवा. ही अळी आपल्याच भावंडांना खाते, म्हणून तर एका पोंग्यात बहुधा एकच मोठी सापडते. घरून निघताना चार टाकाल आणि कचेरीत पोचेपर्यंत डबीत एकच लठ्ठ उरलेली असेल.